इंजिन बदललं, तरी गाडी तीच का?

विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनाबद्दल काय बोलावं? त्याचं उत्तर सोपं आहे. वर्गात आम्ही अनेक वर्षं थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न शिकवला. जहाजाची एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी जहाज तेच राहतं का? मुलं दोन्ही बाजूंनी वाद घालायची, आणि तास संपला की विसरून जायची. कारण त्या वादात कोणाचं काही बिघडत नव्हतं. जहाज तेच असलं काय, नसलं काय, उद्या त्यात बसून जायचं कोणाला होतं?

घरी बांधलेल्या गाडीचं तसं नाही. ज्याने ती बांधली तोच ती चालवतो, शेजारी घरातल्या कोणाला तरी बसवतो. तिचं इंजिन बदललं, तर ‘ही तीच गाडी आहे का’ या प्रश्नाला हातपाय फुटतात. म्हणून आज आपण हे एकच उदाहरण नीट पाहू. आधी गाडी समजून घेऊ, मग इंजिन बदलण्याची क्रिया, मग कायदा, आणि शेवटी तत्त्वज्ञान.

ही गाडी कोणती?

घरी गाडी बांधण्याची हौस इंग्लंडमध्ये चांगली रुजली. तिच्यामागे एक नाव आहे, कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीच्या या संस्थापकाने 1957 साली ‘सेव्हन’ नावाची गाडी आणली. दोन माणसांपुरती जागा, दरवाजे नाहीत, छप्पर नावापुरतं, लांब नाक आणि वजन अर्ध्या टनाच्या आसपास. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डचं 1172 सीसीचं साधं इंजिन असे, जेमतेम 40 अश्वशक्तीचं. तरीही गाडी चपळ होती, कारण ओढायला वजनच नव्हतं.

तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागत असे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून पुष्कळ लोक सेव्हन सुट्या भागांत घ्यायचे आणि घरी जोडायचे. त्याचा एक किस्सा सांगतात. संचाबरोबर जोडणीची सूचनापत्रिका दिली तर करसवलत जाईल, म्हणून गाडी ‘खोलण्याची’ पत्रिका दिली जाई, आणि गिऱ्हाईक ती उलटीकडून वाचे! किस्सा किती खरा ते सोडून द्या, पण त्यातला विचार आपल्या कामाचा आहे. गाडी जोडणं म्हणजे खोलण्याची उलटी क्रिया, असं इथे गृहीत धरलेलं आहे. इंजिन बदलताना नेमकं हेच गृहीत कोसळतं. ते कसं, हे आपण पुढे पाहू.

1973 साली सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सकडे गेले आणि ती गाडी आजही तयार होते. पण हौशी लोकांना तीही महाग वाटायची. 1996 साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं एक पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असं ते शीर्षकातच सांगत होतं. एक इंच चौकोनी पोलादी नळ्या कापून, वेल्डिंग करून चासी बनवायची, आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग काढून त्यात बसवायचं. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं. त्यातल्या कित्येकांचं पुढे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा इंजिन बदललं गेलं. साहजिकच आहे. एकदा स्वतःच्या हाताने गाडी बांधली, की हात स्वस्थ बसत नाहीत.

बोल्ट बसले म्हणजे इंजिन बसलं का?

आता आपण एक नेहमीचा बदल घेऊ. गाडीत फोर्डचं जुनं ‘क्रॉसफ्लो’ इंजिन आहे. 1600 सीसी, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, 80 ते 90 अश्वशक्ती. ते काढून त्याच कंपनीचं नंतरच्या पिढीतलं ‘झेटेक’ इंजिन घालायचं आहे. 2000 सीसी, 16 व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, सुमारे 130 अश्वशक्ती. भंगारातल्या गाडीतून स्वस्तात मिळतं. एकाच कंपनीचं असल्यामुळे जुळवाजुळव सोपी जाईल, असं वाटतं.

पहिली अडचण जागेची. झेटेक इंजिन पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी बनलेलं. तिथे ते आडवं बसतं. आपल्या गाडीत त्याला उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसायचं आहे. मग पाण्याचा जो पाइप तिथे एका बाजूला होता, तो इथे पाठीमागे जाऊन डॅशबोर्डच्या पत्र्यावर आदळतो. खालचं ऑइलचं पात्र, ज्याला आपण चेंबर म्हणतो, ते इतकं खोल असतं की जमिनीला टेकेल. म्हणून ते कापून उथळ करायचं. उथळ केलं की ऑइल कमी मावतं, आणि ते ओढणारी नळीही आखूड करावी लागते. नळीचं तोंड तळापासून फार वर राहिलं तर ती हवा ओढणार, फार खाली गेलं तर ऑइलची वाट बंद. म्हणजे बदलायचं होतं इंजिन, आणि आपण गुंतलो काही मिलिमीटरच्या फटीत.

दुसरी गोष्ट इंजिनच्या माउंटिंगची. इंजिन नुसतं ठेवलेलं नसतं. ते जेवढा पीळ पुढे देतं, तेवढाच उलटा पीळ स्वतः खातं आणि चासीला देतं. नवीन इंजिनाचे पाय वेगळ्या ठिकाणी आले, तर ते ज्या नळीवर टेकतील ती नळी मुळात त्यासाठी ठेवली होती का, हे पाहायला हवं. अशी चासी त्रिकोणांच्या जोरावर उभी असते. दोन टोकांमध्ये ताणली जाणारी नळी खूप भार सोसते. तिच्याच मध्यावर आडवं वजन टाकलं तर ती वाकते. नळी तीच, पोलाद तेच. भार कुठे आणि कसा आला, त्यावर सगळं ठरतं.

तिसरी गोष्ट, इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यामधला प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला आपले मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. हा जॉइंट कोनात फिरला की त्याची गती एकसारखी राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर एकाची चूक दुसरा खोडून काढतो. इंजिन थोडं तिरपं बसलं, कोन बिघडले, की गाडी एका ठरावीक वेगाला थरथरायला लागते. मग माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो, आणि दुखणं असतं भलतीकडेच.

चौथी गोष्ट पेट्रोलची, आणि ही सगळ्यांत काळजीची. जुन्या इंजिनाचा पेट्रोलपंप इंजिनावरच बसवलेला, कॅमशाफ्टने हलणारा. कार्ब्युरेटरला अगदी थोडा दाब पुरतो. इंजेक्शनला साधारण 3 बार दाब लागतो, म्हणजे पूर्वीच्या दहापट किंवा त्याहून जास्त. जुनी रबरी नळी आणि जुने क्लिप तसेच ठेवले, तर पहिल्या दिवशी काही होणार नाही. सहा महिन्यांनी नळीला बारीक चीर जाईल, आणि पेट्रोल थेंबाने न गळता फवाऱ्यासारखं उडेल. शेजारी तापलेला एक्झॉस्ट आहे. पुढचं सांगायला नको. शिवाय पंप आता विजेवर चालतो. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला तर? म्हणून धक्का बसताच पंप बंद करणारा स्विच लागतो. जुन्या गाडीत हा प्रश्नच नव्हता. इंजिन थांबलं की पंपही थांबायचा.

पाचवी गोष्ट थंड ठेवण्याची. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यात जातो, एक तृतीयांश धुरावाटे जातो, आणि उरलेला चाकांकडे. अश्वशक्ती दीडपट झाली, तर ती शक्ती वापरताना पाण्यात जाणारी उष्णताही जवळजवळ दीडपट होते. आणि सेव्हनचं नाक तेवढंच अरुंद!

आता ब्रेक. वेग 100 वरून 140 किलोमीटर झाला, तर ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ब्रेकला आपण हात लावलेला नाही. ते कालच्याइतकेच चांगले आहेत. पण काल ते ‘पुरेसे’ होते, आज नाहीत. इथे क्षणभर थांबू या. ब्रेकमध्ये काहीही बदललं नाही, आणि तरी ब्रेकबद्दलचं एक खरं विधान खोटं झालं. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ‘पुरेसा’ हा ब्रेकचा गुण नाही, तो एक संबंध आहे. संबंधाचं एक टोक बदललं, की दुसरं टोक न हलताही संबंध बदलतो.

मोटरसायकलचं इंजिन मोटारीत

हीच गोष्ट दुसऱ्या एका बदलात जास्त ठसठशीत दिसते. हलक्या गाडीत मोठ्या मोटरसायकलचं इंजिन बसवणारे पुष्कळ आहेत. यामाहा आर-वन, सुझुकी हायाबुसा, होंडा फायरब्लेड. कारण उघड आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात, वजन जुन्या जोडीच्या जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि शक्ती जास्त मिळते.

पण मोटरसायकल वळणावर कशी जाते, ते आठवा. ती आत झुकते. त्यामुळे चेंबरमधलं ऑइल तळाशीच दाबून राहतं. पाण्याची बादली गोल फिरवली तरी पाणी सांडत नाही, तसंच. मोटार झुकत नाही. ती सपाट राहून वळते आणि ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढतं. ऑइल ओढणारी नळी त्या क्षणी कोरडी पडते. दहा हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या इंजिनात बेअरिंगला एखादा सेकंद ऑइल मिळालं नाही, तर बेअरिंग जळतं. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालतात, किंवा ऑइल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने खेळवतात.

याशिवाय क्लच. दोनशे किलोची मोटरसायकल हलवण्यासाठी बनवलेला क्लच इथे त्याच्या दुप्पट-अडीचपट वजन हलवतो. आणि बहुतेक मोटरसायकलींना रिव्हर्स गिअर नसतो. तो कोणाच्या मनातही आला नव्हता, कारण मोटरसायकल आपण पायाने मागे ढकलतो.

आपल्याकडची इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांसाठी छोटी रेसकार बांधतात, आणि त्यांतल्या कित्येक गाड्यांत चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 390 मोटरसायकलचं इंजिन असतं. त्यांच्यापुढे ऑइलचा हाच प्रश्न येतो. त्या मुलांना हे तत्त्वज्ञान म्हणून कोणी शिकवलेलं नसतं, पण त्यांना ते कळलेलं असतं. इंजिन ही सुटी वस्तू नाही. ज्या गाडीसाठी ते बनलं, तिचं चालणं, झुकणं, थांबणं, सगळं त्याच्या पोटात दडलेलं असतं. नवीन घरात ते इंजिन जुन्या घरच्या सवयी घेऊन येतं. लग्न होऊन आलेल्या माणसासारखंच, म्हणा ना!

कायदा काय म्हणतो?

आता मोठी गंमत आहे. गाडीत इतकं उलटंपालटं झाल्यावर ती कायद्याच्या नजरेत तीच गाडी उरते का? ब्रिटनमध्ये मोठे फेरफार केलेल्या गाडीची ओळख ठरवण्यासाठी बराच काळ गुणांची पद्धत होती. मूळ चासी टिकली तर 5 गुण. सस्पेन्शन 2, ॲक्सल 2, गिअरबॉक्स 2, स्टिअरिंग 2. आणि इंजिन? फक्त 1. जुना नंबर टिकवायला 8 गुण लागत, आणि त्यांत चासीचे 5 असावेच लागत. ओळखच संशयात असेल तर ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो.

म्हणजे ज्याला आपण गाडीचं काळीज म्हणतो, त्याला कायद्याने सर्वांत कमी किंमत दिली. तसं का? कारण कायद्याला ओळख हवी आहे ती मालकी, चोरी, कर यांच्यासाठी. इंजिन झिजतं, बदलतं. चासी सहसा बदलत नाही. ज्यावर बोट ठेवता येईल अशी टिकाऊ गोष्ट कायदा निवडतो. त्यात काही चूक नाही. मात्र घरी बांधलेल्या गाडीला पहिली मंजुरी देताना धुराची तपासणी कोणत्या काळाच्या मापाने करायची, हे ठरवायला तोच कायदा इंजिनाचं वय विचारतो! म्हणजे प्रश्न बदलला, की ओळखीची खूणही बदलते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याचं कलम 52 सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनाचं मान्यताप्राप्त किट बसवणं, यांसारखे थोडे अपवाद आहेत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. रस्त्यावर आणायच्या नव्या गाडीच्या नमुन्याला तपासणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था. तेव्हा आजचं हे ऐकून कोणी उद्या घरच्या गाडीत भलतं इंजिन घालू नये.

या दोन कायद्यांत एक तात्त्विक फरक दिसतो. आपल्या कायद्यात गाडी कशी असावी, हे उत्पादक सांगतो. घरी बांधलेल्या गाडीत उत्पादक कोण? मालक स्वतःच. त्याला ‘कंपनीने असं दिलं होतं’ असं म्हणायची सोय नाही.

जहाज, रथ आणि अवयवी

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. थीसिअसच्या जहाजाची गोष्ट प्लुटार्कने सांगितली. 1655 साली थॉमस हॉब्जने तिला एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर मूळ जहाज कोणतं? गाड्यांच्या जगात हे सर्रास घडतं. तुमचं काढलेलं क्रॉसफ्लो इंजिन दुसऱ्याच्या लोकॉस्टमध्ये जातं, स्वतःच्या नंबरासकट.

आपल्या परंपरेत यावर दोन मोठी उत्तरं आहेत. मिलिंद राजाशी बोलताना नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. रथ हे या सगळ्यांच्या आधारे दिलेलं एक नाव आहे, वेगळी वस्तू नव्हे. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि त्यांतून उत्पन्न होणारा ‘अवयवी’, म्हणजे पूर्ण वस्तू, वेगळी. अवयवी त्या सर्व अवयवांत समवाय संबंधाने राहतो. मग एक अवयव निघाला तर? वैशेषिकांचं उत्तर कडक आहे. जुना अवयवी नष्ट झाला आणि उरलेल्या अवयवांतून नवीन उत्पन्न झाला. कापडातून एक धागा ओढला, तरी कापड नवीन!

वर्गात हे उत्तर ऐकून मुलं हसायची. धागा ओढला म्हणून कोणी कापड नवीन म्हणतं का? पण गाडीखाली झोपलेल्या माणसाला हे उत्तर फार उपयोगी आहे, असं आमचं म्हणणं आहे. ब्रेकचं उदाहरण पुन्हा आठवा. ब्रेक, नळी, क्लच, शाफ्ट, सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी त्यांच्याबद्दलची आपली खात्री शिळी झाली होती. म्हणजे तपासणीपुरती ती गाडी खरोखरच नवी होती.

म्हणून आपल्याला दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. एक ओळखीचा: ही कोणाची गाडी, कोणत्या नंबराची? तिथे कायद्याचा एक गुण ठीक आहे. इंजिन गेलं, गाडी तीच. दुसरा भरवशाचा: ही गाडी सुरक्षित आहे, हे मला कशावरून माहीत? कालपर्यंतचं उत्तर होतं, ‘इतकी वर्षं चालतेय ना!’ इंजिन बदललं की ते उत्तर रद्द होतं. ती वर्षं दुसऱ्या अवयवीने काढलेली होती. ओळख वारशाने मिळते, पण भरवसा पुन्हा मिळवावा लागतो. लोक घोटाळा करतात तो इथेच. गाडी तीच आहे, या खऱ्या वाक्यावरून ती पूर्वीसारखीच भरवशाची आहे, हे खोटं वाक्य काढतात.

मग करायचं काय?

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. इंजिन बसल्यावर ‘काय बदललं’ याची यादी करायची नाही. ती यादी छोटी होते आणि फसवते. यादी करायची ती ‘काय बदललं नाही’ याची. मग त्यातल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, बाई गं, तू या इंजिनाला पुरशील का? ब्रेक, पेट्रोलची नळी, रेडिएटर, क्लच, माउंटिंगखालची नळी, मागचा ॲक्सल, टायर. पहिले काही किलोमीटर रिकाम्या जागेत, सावकाश. मग थांबून प्रत्येक बोल्ट पुन्हा पाहायचा, प्रत्येक जोडावर हात फिरवायचा. विमा कंपनीला आणि नोंदणी कार्यालयाला कळवायचं. शेजारी कोणाला बसवायचं, ते त्यानंतर.

गाडी खोलण्याची पत्रिका उलटी वाचून गाडी जोडता येते, असं आपण सुरुवातीला म्हटलं. तेच भाग परत त्याच जागी जात असतील, तर ते खरं आहे. एक भाग जरी नवा आला, तरी त्या पत्रिकेवर लिहिलेली गाडी उरलेली नसते. नवी पत्रिका लिहावी लागते, आणि ती लिहिणारा दुसरा कोणी नसतो.

हा नियम मोटारीपुरता नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. संस्थेचा प्रमुख बदलतो, घरातला कर्ता बदलतो, अभ्यासक्रमातला एक विषय बदलतो, आणि आपण म्हणतो, बाकी सगळं तसंच आहे. ‘तसंच’ म्हणजे काय, ते एकदा तपासून पाहावं.

आज इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा. गाडी बांधणारं कोणी श्रोत्यांत असेल, तर आधी त्यांनी विचारावं.